सोनाक्काची जोडी

आमची सोनाक्का पंचायतीच्या सभेत खांबाशी बोलायची. "खांबा, सरपंचांना इचार, खालच्या आळीच्या आडाला रहाट कवा बसनार?" मग सरपंचही खांबाकडेच बघून उत्तर द्यायचे.

सरपंच तिचे थोरले दीर. त्यांच्यापुढे बसायचं नाही, थेट बोलायचं नाही, ही आमच्या भावकीची रीत. पण कायद्यामुळे पंचायतीत दोन बायका घ्याव्या लागल्या, तेव्हा घरामागच्या खोलीत राहणारी विधवा भावजय त्यांना सोयीची वाटली. शिपायानं वही घरी न्यायची, अंगठा घेऊन यायचं, एवढंच काम. पहिल्याच खेपेला तिनं शिपायाला विचारलं, "सभा माझ्या चुलीपुढं झाली व्हय रं?" आणि डोक्यावर पदर ओढून सभेत जाऊन उभी राहिली.

मी नगरला कॉलेजात होतो. दुष्काळात गावी आलो, तेव्हा रस्त्याचं सरकारी काम चालू होतं. पुरुषानं खोदायचं, बाईनं पाट्या वाहायच्या, अशा जोड्या. खालच्या आळीतल्या हिराला नवऱ्यानं टाकलेलं. मुकादम तिला रोज परत पाठवायचा. "जोडीला गडी आन, मग ये." मला फार राग आला. देशानं बाईला मताचा हक्क दिला, पंचायतीत जागा दिली, आणि पोटासाठी माती उचलायला आली तर तिला विचारतात, नवरा कुठाय? पण हे मी फक्त सोनाक्कापाशी बोललो. मुकादमापुढे धीर झाला नाही.

ती सभेत बोलली. "खांबा, दोन बायांची जोडी का चालत न्हाई?"

"खांबा, तिला सांग, कुदळ बाईला झेपत न्हाई."

"मग घरची लाकडं आमी लाटण्यानं फोडतो का, इचार."

सरपंच हसले. "हिरासंगं कुदळ धरनारी बाई दाखव म्हनावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाक्का स्वतःच कुदळ घेऊन कामावर हजर. सरपंचांच्या घरची बाई, मुकादमाला नाही म्हणता येईना. त्यानं दोघींची नावं घातली. गावात मात्र घराण्याच्या अब्रूची ओरड सुरू झाली. हिरा उपाशी परत जात होती, तेव्हा कुणाची अब्रू गेली नव्हती.

संध्याकाळी मी रस्त्याच्या कामावर गेलो. सोनाक्काच्या तळहातांना फोड आले होते. मी चाचरत म्हणालो, "आक्का, हिराला काम मिळालं. उद्यापासून तिच्या जोडीला दुसरी कुनी बघू."

"गप रं," ती म्हणाली आणि हिराकडे वळली. "उद्या तू भाकरी आनू नगं. दोघींच्या मीच करून आनते. एकटीपुरती चूल पेटवायचा लई कंटाळा येतो बग."