डिझेल वाचवणारे उस्मानमामू

उस्मानमामूंच्या अंगणात पहिल्यांदा चहाला गेलो, तेव्हा अर्धा कप तसाच ठेवून घरी पळावंसं वाटलं होतं. लातूर-नांदेड रस्त्याला लागून आमच्या कॉलनीतली शेवटची दोन घरं, एक त्यांचं आणि एक माझं. तिथून रस्ता ओढ्याच्या पुलाकडे चांगलाच उतरतो. आमच्या गप्पा चालल्या होत्या आणि एक ट्रक गेला. मामू मान न वळवता म्हणाले, "वाचला." कोण वाचला, विचारलं, तर मामूंनी चहाचा घोट घेतला. दुसरा ट्रक गेला. "वाचला." मग एक ट्रेलर सूं करत खाली गेला. मामूंनी बशी खाली ठेवली. "मेला."

मी दचकून रस्त्याकडे पाहिलं. ट्रेलर धडधाकट पूल ओलांडून चाकूरच्या दिशेने चालला होता.

"आज न्हाई मरायचा," मामूंनी मला धीर दिला, "पण मरतंय ते. च्या घ्या सर, थंड होऊन राहिला."

मी शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या विषयात नद्या मरतात, माणसं नाहीत. असला शेजार मिळाल्याबद्दल मी त्या रात्री प्लॉट दाखवणाऱ्या एजंटाचा मनसोक्त उद्धार केला.

पुढे उलगडा झाला तो असा. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजिन गुरगुरतं आणि चाकांना धरून ठेवतं. न्यूट्रल करून सोडली की इंजिन मोकळं सुटतं, नुसता टायरांचा आवाज येतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. लांबच्या घाटात ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी दगा देतो. मामू हे नुसत्या कानाने ओळखत. दात घासतानासुद्धा त्यांचे निकाल चालू असत.

उभा जन्म त्यांनी ट्रेलरवर काढला. मागे कधी साखर, कधी लोखंडी सळया. आणि डोक्यात एकच किडा, ॲव्हरेज! म्हणजे एका लिटरात गाडी किती पळते ते. "वाऱ्यालाबी डिझेल लागतंय सर," ते मला सांगत. ताडपत्रीचं टोक फडफडताना दिसलं, तर ढाब्यावरचं भरलं ताट सोडून उठत. माल केबिनला चिकटूनच रचायचा, मधल्या फटीत वारा शिरता कामा नये, यासाठी हमालांशी भांडत. टायरातली हवा रोज सकाळी तपासत. जाड क्लीनर दिला म्हणून एकदा मालकाशी बोलणं टाकलं होतं.

स्कूटरवरही तेच. हलिमाभाभींना मागे बसवून रेणापूरला निघाले की तोंडाचा पट्टा सुरू, "बुरखा फुगून राहिला, दाबून धर." भाभी माझ्या बायकोला म्हणाल्या, "यांच्यामागं बसायचं म्हंजे शिमिटाचं पोतं व्हायचं बाई. हलायचं न्हाई." ब्रेक मारणं म्हणजे जाळलेलं तेल रस्त्यावर ओतणं, असा त्यांचा सिद्धांत. म्हणून कोपऱ्यावरूनच हॉर्न वाजवत. फाटक उघडं नसलं, तर थांबायचं नाही, कॉलनीला आणखी एक चक्कर. भाभी स्वयंपाकात असल्या की मामू आम्हाला तीन-तीनदा दर्शन देत.

पण खरी कीर्ती होती ती न्यूट्रलची. उतार दिसला की गिअर काढायचा. "उतार अल्लाचा, त्याला डिझेल कशाला?" हे वाक्य म्हणे अहमदपूरपासून पार सोलापूरपर्यंतच्या ढाब्यांवर लोक म्हणत. मालकाने शाल घालून सत्कार केला आणि बाकीच्या ड्रायव्हरांना सांगितलं, मामूंकडून शिका. त्यांनी शिकवलंही, भरभरून.

मग, मी शेजारी यायच्या थोडं आधी, मालकाने नवी गाडी घेतली आणि ती समजावून द्यायला कंपनीचा माणूस आला. काचेखालच्या पडद्यावर डिझेलचा आकडा दिसत होता. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, गिअर तसाच ठेवला, आकडा शून्य. न्यूट्रल केलं, आकडा वर. मामूंनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. "जुन्या गाडीतबी असंच होतं का?" "बरंचसं असंच चाचा. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःला चालवायला तेल पितं. आणि ब्रेक जातात ते वेगळंच."

"माणूस चुकतो सर," हे सगळं सांगून झाल्यावर मामू म्हणाले, "पण मी चूक वाटली. ईदला शिरखुर्मा वाटावा तशी घरोघर वाटली."

त्यांनी नोकरी सोडली आणि ढाबे पालथे घालायला लागले. "चढताना जो गिअर, उतरताना तोच," हे पोरांना हात धरून सांगत. पोरं हसत. मामूचंच इंजिन बसलं म्हणत. पोरांच्या हसण्याचं त्यांना काही वाटत नसे. लागलं ते रशीदचं. रशीद त्यांचा भाचा, आईबापाविना वाढलेला. मामू-भाभींना मूल नाही, त्यांनीच त्याला वाढवला, आणि स्टिअरिंगही मामूंनीच हातात दिलं. त्यांचं भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं. "तुमच्या मांडीवर बसून शिकलो मामू. आता म्हणता समदं खोटं. मग खरं काय होतं?" रशीद दार आपटून गेला. दुसऱ्या मालकाची गाडी धरली आणि अंबाजोगाईकडचा रस्ता घेतला. मामूंना त्याचीच धास्ती होती. "इकडून गेला असता तर ऐकून कळलं असतं," ते म्हणत, "तिकडचं मला कसं ऐकू येणार सर?"

तिकडूनच पोलिसांचा फोन आला. सकाळची शाळा टाकून मी मामूंना गाडीत घातलं.

घाटाखालच्या पोलीस ठाण्याच्या आवारात रशीदचा चेपलेला ट्रेलर आणून ठेवला होता. मामू रडले नाहीत. फुटलेल्या काचेतून हात आत घालून गिअरचा दांडा चाचपत राहिले. मग वळून म्हणाले, "तिसरा. तिसऱ्यात हाय गाडी." आणि तिथेच मातीत बसले. "ऐकलं होतं त्यानं माझं. सांगायला आला न्हाई, पण ऐकलं होतं." मला रडू आवरेना. जमादाराने सांगितलं, रशीद बेताने उतरत होता, मागून ब्रेक गेलेला भरला ट्रक आला आणि त्याला दरीत घेऊन गेला. ट्रकवाला वाचला होता.

तो सरकारी दवाखान्यात होता. रशीदही तिथेच, पण मागच्या बाजूच्या खोलीत. कागदपत्रं होईपर्यंत थांबायचं होतं. मामू उठून वॉर्डात गेले. मला वाटलं, आता हे त्याचा गळा धरणार, म्हणून मी मागोमाग धावलो.

देवणीकडचा पोरगा, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, घरचं कुणी अजून पोचलं नव्हतं.

"न्यूट्रल होती का गाडी?" मामूंनी विचारलं.

"हाव."

"कुणी शिकवलं?"

"समदेच करतात चाचा. लातूरचे एक मामू हायेत म्हणं, लई ॲव्हरेज काढायचे. त्यांची युक्ती हाय." त्याने कोरडे ओठ चाटले. "पुढल्या गाडीवाला कसा हाय? मला कुणीच सांगून न्हाई राहिलं."

मामूंनी स्टुलावरचा पेला उचलला.

"आधी पाणी पी."

पोरगा घोट-घोट प्यायला. मग म्हणाला, "तुम्ही कुणाकडं आलात चाचा?"

"तुझ्याकडंच," मामू म्हणाले.

दारात शिपाई येऊन सांगून गेला, मयत ताब्यात घ्या. मामूंनी मला हाताने थांबायची खूण केली, स्टूल पलंगाला लावलं आणि पोराच्या हनुवटीवरचं पाणी पुसलं. "याचं कुणी येऊ द्या सर," ते म्हणाले, "मग रशीदला घेऊन जाऊ."