वामनभाऊंची सायीची दारू

वामनभाऊ गावंडे तुमच्या घरी आले, तर बसायच्या आधी दुधाचा वास घेतील. चपला काढतात, "हाय काय कोनी घरात?" म्हणतात, आणि उत्तराची वाट न पाहता स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरचं झाकण उचलतात. नाक खाली नेतात. मग बाहेर येऊन सोफ्यावर बसता बसता निकाल देतात, "संध्याकाळच्या आत संपवा." नाहीतर, "गवळ्याले सांगजा, कॅन नीट धूत जा म्हना." आमच्या हिला सुरुवातीला फार राग यायचा. आता त्यांचा आवाज आला की ती झाकण काढूनच ठेवते.

मी यवतमाळला एका शाळेत विज्ञान शिकवतो. वामनभाऊ माझे शेजारी. दोघांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि आमचं बहुतेक बोलणं त्या भिंतीवर कोपरं टेकून होतं. लोहाऱ्याकडच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. गावोगावहून आलेलं दूध तपासायचं, घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं. काचेच्या नळीत थोडं दूध, तेवढंच अल्कोहोल, अंगठ्यानं तोंड दाबून नळी उलटी करायची. काचेवर कण दिसले की दूध नापास. "टिकलं पाह्यजे," हा त्यांचा शब्द. दूध टिकलं पाह्यजे, चप्पल टिकली पाह्यजे, सरकार टिकलं पाह्यजे. निवृत्त झाल्यावरही ती नळी शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी असायची. एका लग्नात बासुंदीसाठी आणलेल्या दुधाची त्यांनी आचाऱ्याच्या देखत परीक्षा घेतली आणि वधूपित्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "टिकत नाई." मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पंगतीत वाढणाऱ्यांनी मलाही जेमतेमच वाढलं.

जन्मभर दुधात दारू मिसळणाऱ्या या माणसानं स्वतः थेंबही चाखला नव्हता. उलट कॉलनीच्या कोपऱ्यावर बार निघणार अशी बातमी आली, तेव्हा बायकांच्या मोर्चात हे एकटे पुरुष होते, सगळ्यांत पुढे. बार निघाला नाही. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे आणि वामनभाऊ जाता-येता त्या दुकानाकडे आपण बांधलेल्या देवळाकडे पाहावं तसं पाहतात.

म्हणून यंदा दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी भिंतीवर टेकून ते जे बोलले, ते मला आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण पटलं नाही.

"सर, एक व्हिस्की आनून देता काय?"

"कशाला?"

"सायीत टाकाले."

मग त्यांनी भिंतीवर आणखी वाकून, आवाज बारीक करून समजावलं. परदेशात कुठंतरी दूध फार. दुधावरची साय काढून काढून ढीग झाला. तिकडे दारूही उरत होती. कुणाच्या तरी डोक्यात आलं की दोन्ही एकत्र करावं. "आपल्याकडे साय उरली तर बाई तूप कढवते. तिकडच्या मानसाईनं हे काढलं. साय, साखर, व्हिस्की, जराशी कॉफी. गोड लागते म्हन्तात. बाटलीत वर्ष वर्ष राह्यते. सांगा, व्हिस्कीत साय वर्षभर राह्यते. कशी राह्यते?"

"मग तुम्हीच का नाही आणत?"

"मी मोर्चात होतो न, सर."

"आणि मी शिक्षक आहे."

"पन तुमी मोर्चात नोहते," ते म्हणाले.

मी हेल्मेट घालून दारूच्या दुकानात गेलो आणि हेल्मेटच्या आतूनच बोललो. दुकानदाराला कळेना. तो म्हणाला, "मोठ्यानं बोला ना, सर." त्यानं आवाज ओळखला होता. त्याची मुलगी माझ्या वर्गात. मग त्यानं रांगेतल्या बाकीच्यांना बाजूला केलं, "आमच्या पोरीचे सर आहेत, त्याइले आधी देऊ द्या," असं सांगितलं, आणि बाटली पेपरात गुंडाळून दोन्ही हातांनी दिली. रांगेतल्या एकानं मला नमस्कार केला. मी हेल्मेट काढलं नाही, पण त्याचा आता उपयोगही नव्हता.

पहिला प्रयोग वामनभाऊंच्या स्वयंपाकघरात झाला. त्यांनी सगळ्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि मागच्या दाराला कडी घातली. कमलवहिनी, त्यांच्या पत्नी, ओट्याला टेकून उभ्या होत्या. पातेल्यात साय होती, पिठीसाखर घातलेली. वामनभाऊंनी नाक वळवून व्हिस्की ओतली. आधी काही झालं नाही. मग चमचा फिरवता फिरवता सायीनं अंग आखडून घेतलं आणि खाली पिवळं पाणी सुटलं.

"पनीर झालं," वहिनी म्हणाल्या. "भाजी करू काय?"

वामनभाऊंचे कान लाल झाले. जन्मभर दुसऱ्याचं दूध नापास केलेला माणूस स्वतःच्या पातेल्याकडे पाहत उभा राहिला. मग त्यांनी ते मागच्या अंगणात खड्डा करून पुरलं. मोरीत टाकू म्हटलं तर म्हणाले, "मोरीत नाई."

त्यानंतर हे चालूच राहिलं. गाईची साय झाली, म्हशीची झाली. रम झाली, ब्रँडी झाली. व्हिस्की थंड करून पाहिली, साय कोमट करून पाहिली. दर वेळी दुकानात मी. दुकानदार आता हात वर करून ओळख दाखवायचा. शाळेत व्यसनमुक्तीची शपथ दरवर्षी मी मुलांना सांगतो. यंदा मुख्याध्यापकांनी हळूच, "राहू द्या, यंदा दुसऱ्या कुणाला देऊ," असं म्हटलं तेव्हा मला घाम फुटला. मी वामनभाऊंना सांगितलं. त्यांनी मान खाली घातली, "माह्यामुळे झालं सर हे," म्हणाले, आणि संध्याकाळी पुन्हा विचारलं, "एक अजून आनता काय?"

त्यातच त्यांना सुचलं की सायीचे कण मोठे आहेत म्हणून ते एकमेकांना चिकटतात. डेअरीत मोठं यंत्र असतं, ते दूध बारीक छिद्रातून जोरानं दाबून काढतं आणि कण फोडतं. घरी यंत्र नाही. पण इंजेक्शनची सिरिंज असते. साहजिकच मेडिकलमध्ये मी गेलो. वाइन शॉपमधून बाटल्या आणि मेडिकलमधून सुया नेणाऱ्या विज्ञानशिक्षकाकडे त्या माणसानं ज्या नजरेनं पाहिलं, ती सांगण्यासारखी नाही. "घरी कोनी बिमार हाय काय?" त्यानं विचारलं. मी "साय आहे," असं म्हणून बाहेर पडलो.

त्या दुपारी आम्ही दोघं जमिनीवर बसून सुईतून साय दाबत होतो. अंगठे दुखायला लागले. साय पुन्हा फाटली. आता मात्र मी चिडलो. म्हटलं, "वामनभाऊ, तुम्ही पीत नाही, पाजत नाही. हे चाललंय कशासाठी?"

ते सिरिंज पुसू लागले. कमलवहिनी आत गेल्या. मला वाटलं, कामाला गेल्या. त्या मुद्दामच गेल्या होत्या.

"नितीन आठवते तुमाले?" ते म्हणाले.

नितीन त्यांचा जावई, सासऱ्यांना मामाजी म्हणतो. पुसदचा. गोव्याला एका हॉटेलात बारमागे उभा राहतो, लोकांना पेयं करून देतो. मुलीनं, वैशालीनं, त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा वामनभाऊ महिनाभर भिंतीवर आले नव्हते. लग्न झालं. गेल्या वर्षी पहिल्या दिवाळसणाला दोघं आले होते, एवढं मला माहीत होतं. यंदाच्या दिवाळीला कुणीच आलं नाही, हेही दिसलं होतं. मधलं काही माहीत नव्हतं.

"घर भरलं होतं," वामनभाऊ म्हणाले. "माहे भाऊ, वहिन्या, लेकरं. त्यानं पिशवीतून टॉवेलात बांधलेली बाटली काढली. म्हने, मामाजी, तुमी दुधातले मानूस, म्हनून सायीचं केलं. इकत नाई आनलं, स्वतः केलं. मले वाटलं, माह्या भावायसमोर हा मले बारवाल्याचा सासरा दाखवून राह्यला. मी बाटली घेतली आन मोरीत ओतली. सगळे पाहून राह्यले होते."

"नितीन काय म्हणाला?"

"काईच नाई. मोरीवर गेला, बाटली धुतली. मंग मोरीत चार तांबे पानी टाकलं. म्हने, वास राहीन मामाजी. आन जेवाले बसला. वैशाली जेवली नाई."

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. त्यांनी सिरिंज पुन्हा पुसायला घेतली.

"मी ओतून राह्यलो होतो न सर, तवाच मले दिसलं. धार एकसारखी होती. एक कन नाई. गोव्याहून रेल्वेनं आनलं असन, मंग एसटीनं, गर्मीत, मांडीवर धरून. आन फाटलं नोहतं. माह्या लॅबमधे कोनी थे आनलं असतं, तर मी उभा राहून पाह्यलं असतं. कोन करते असं? किती दिवस लागले असन त्याले?" त्यांनी सिरिंज खाली ठेवली. "कोनाले सांगू? कमलले बी नाई सांगू शकत. लाज वाटते."

अंगठा अजून दुखत होता. दुसऱ्या दिवशी मी न सांगताच बाटली आणून दिली.

ती टिकली. त्यांनी सकाळच्या ताज्या दुधाची साय घेतली, साखरेसोबत मंद आचेवर घट्ट केली, डेअरीत दूध फाटू नये म्हणून टाकतात ते मीठ चिमूटभर टाकलं, पुन्हा सुईतून काढली, फ्रिजमध्ये गार केली, आणि मग व्हिस्की एक एक थेंब. मी ढवळत होतो. दोन दिवस बाटली कपाटावर ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती उजेडाकडे धरली, उलटी केली, सुलटी केली. कण नाही, पाणी नाही. बदामी रंगाची, जाडसर. वामनभाऊ हसले नाहीत. त्यांनी मोबाइल काढला, ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकर लावला, आणि मला जाऊ दिलं नाही.

"नितीनराव, मी वामन गावंडे बोलतो."

"बोला, मामाजी. सगळं ठीक हाय न घरी?"

"हो, ठीक हाय. थे... तुमी मागच्या दिवाळीले आनलं होतं न, सायीचं. थे कसं केलं होतं?"

"कायले, मामाजी?"

"मी करून राह्यलो." वामनभाऊंनी समोरच्या बाटलीकडे पाहिलं. "फाटते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुमी करून राह्यले?" नितीन म्हणाला. "साय ताजी घेता काय?"

"ताजी म्हंजे? किती ताजी पाह्यजे?"

जिल्हाभराचं दूध ज्यांच्या नाकाखालून गेलं, ते वामनभाऊ ताजी साय कशी ओळखायची हे फोनवर ऐकत होते. मध्ये मध्ये "अस्सं" म्हणत होते, "हे नोहतं माहीत मले" म्हणत होते. नितीनचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. साखर कधी घालायची, किती गार करायचं, सगळं त्यानं सांगितलं. मग वामनभाऊ म्हणाले, "नितीनराव, त्या दिवशी मी..."

"मामाजी, व्हिस्की एकदम नाई ओतत न तुमी?" नितीन घाईनं म्हणाला. "थेंबाथेंबानं पाह्यजे."

"थेंबाथेंबानं," वामनभाऊ म्हणाले आणि चष्मा काढून शर्टाला पुसू लागले.

मग हे रोजचं झालं. दुपारी नितीनची ड्यूटी सुरू व्हायच्या आधी फोन. आजबी फाटलं, नितीनराव. आज जरा कमी फाटलं. बाटली कपाटावर तशीच उभी, न फाटलेली. मागून वैशालीचाही आवाज यायला लागला, "बाबा, मिक्सर नका वापरू, आईचा बिघडवाल."

आठवडाभरानं नितीन म्हणाला, "फोनवर नाई समजून राह्यलं, मामाजी. दोन दिवसाची सुटी भेटते मले. आमी येऊन पाहू काय?"

आतून कमलवहिनीच ओरडल्या, "या, या म्हना." मग वामनभाऊ म्हणाले, "या."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ कपाटावरच्या बाटलीकडे पाहत बसले. मग वहिनींना म्हणाले, "अर्धं लिंबू दे."

वहिनींनी कशाला ते विचारलं नाही. चिरून दिलं. वामनभाऊंनी बूच काढलं, लिंबू पिळलं, अंगठ्यानं तोंड दाबून बाटली उलटी केली आणि आम्ही तिघं काचेवर कण दिसायची वाट पाहत उभे राहिलो.