आपल्या घरची राख

काळाचं खरं स्वरूप काय, हे कोडं भल्याभल्या तत्त्वज्ञांना सुटलेलं नाही. गोंदियातल्या आमच्या कुडव्याच्या गल्लीत मात्र काळ दोरीवर वाळत घातलेला दिसतो.

ही दोरी पास्कल तिर्की यांच्या अंगणातली. तिच्यावर हिरवा शर्ट असला, तर चर्चच्या वर्षातला साधा काळ चालू आहे. जांभळा असला, तर नाताळच्या आधीचा आगमनकाळ किंवा ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ. पांढरा म्हणजे सण, लाल म्हणजे एखाद्या हुतात्म्याची आठवण. आणि कधीतरी जांभळ्या दिवसांच्या मध्यावर एक गुलाबी शर्ट निघतो, तेव्हा गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून दारात उभ्या राहतात. फादर वेदीवर ज्या रंगाचा झगा घालतात, त्या रंगाचा शर्ट पास्कलभाऊंच्या अंगात असतो. शर्ट इस्त्रीला गेला आणि वेळेवर आला नाही, तर काळही तेवढा वेळ थांबतो.

पास्कलभाऊ रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून चर्चमध्ये रुजू झाले. वेदीची सगळी तयारी त्यांच्याकडे. मेणबत्त्या, घंटा, फादरांचा झगा, द्राक्षारसाची कुपी, बाप्तिस्म्याचं पाणी. "रेल्वेत तीनच रंग होते जी," ते मला म्हणाले होते, "इथं जास्त हायेत. मंग जबाबदारीबी जास्त."

मी स्वतः कुठल्याच देवाच्या खात्यात नाही. झगे, घंटा, धूर पाहिला की मला आधी खर्च दिसतो. पण पास्कलभाऊ माझे शेजारी, त्यांच्याकडे सायकल आणि माझ्याकडे स्कूटर, त्यामुळे त्यांच्या चर्चच्या वर्षाची बरीचशी वाहतूक माझ्याकडून झालेली आहे.

त्यांचा शब्द एकच, गाडीला पुढची वाट मोकळी नसली की रेल्वेत म्हणतात तो. "लाइन क्लिअर नाही." डिसेंबर लागताच कुणी नाताळचं गाणं गुणगुणलं, की लाइन क्लिअर नाही. अजून आगमनकाळ चालू आहे, पाळणा रिकामा आहे, गाणं कोणासाठी म्हणता? उपवासकाळात वर्ज्य असलेलं 'अलेलुया' कुणी चुकून म्हटलं, तर ते त्या माणसाकडे असं बघतात, जणू त्यानं बंद फाटकाखालून मोटारसायकल घातली असावी. एका उपवासकाळात, म्हणजे त्यांच्या चालीशात, बिशपांची भेट ठरली. स्वागत समितीनं कोहमाऱ्याहून टेम्पोभर झेंडू आणला. पास्कलभाऊ वेदीसमोर हात पसरून उभे राहिले.

"चालीशात वेदीवर फूल नाही."

"अरे तिर्कीजी, बिशप आ रहे हैं!" समितीचे अध्यक्ष ओरडले.

"आने दो न. बिशप साहेबाले हार घाला, मी कायले अडवू? वेदीले नाही."

समितीनं मग सगळा झेंडू बिशपांच्या गाडीवर बांधला. त्यांची मिरवणूक रेल्वे फाटकाशी आली, तेव्हा लोक नवरदेव बघायला वाकत होते. वेदी मात्र कोरडी राहिली.

आजाऱ्याला आशीर्वादाचं तेल लावायला फादर घरोघर जातात, तेव्हा मागे पिशवी धरून पास्कलभाऊ. एकदा मुर्रीला एका म्हाताऱ्याकडे मी त्यांना सोडायला गेलो होतो. घरात क्रिकेटचा सामना चालू. पास्कलभाऊंनी आधी टीव्ही बंद केला. "लाइन क्लिअर द्या." खाटेवरून म्हाताऱ्यानं क्षीण आवाजात विचारलं, "किती झाले?" पास्कलभाऊंनी धावा सांगितल्या, विकेटी सांगितल्या, मग म्हणाले, "आता हात जोडा." म्हातारा पुढे ठणठणीत झाला. शेवटची ओव्हर हुकल्याचं तो अजून बोलून दाखवतो.

पण पास्कलभाऊंचं खरं रूप बघायचं, तर उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारच्या आधी.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या वाटतात. त्याला ते खजूर इतवार म्हणतात. आमच्याकडे नारळ कुठला? मग मुर्रीच्या तळ्याच्या पाळीवरून शिंदीची पानं येतात, अर्थात माझ्या स्कूटरवर, माझ्या डोळ्यांत टोचत. आशीर्वाद दिलेली झावळी लोक घरी नेऊन तसबिरीमागे खोचतात. वर्षभरानं पुढचा उपवासकाळ जवळ आला, की त्या वाळलेल्या झावळ्या परत गोळा करून जाळायच्या आणि ती राख बुधवारी सगळ्यांच्या कपाळाला लावायची. तुमच्याच घरातून आली, तुमच्याच कपाळाला लागली. या हिशेबात मला प्रथमच कसला भपका दिसला नाही, हे मी मान्य करतो.

झावळी परत करण्याच्या बाबतीत पास्कलभाऊंकडे माफी नाही. मला स्कूटरबद्दल म्हणून एक पान दिलं होतं, ते मी पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं. तेही त्यांनी न विचारता पुस्तकातून उपसून नेलं.

एकच झावळी मात्र कधी परत गेली नाही. त्यांच्याच घरातली. मरियेच्या तसबिरीमागे शिंदीच्या पानांचा विणलेला एक छोटा क्रूस वर्षानुवर्षं होता. त्यांची बायको एमिलिया हिनं जाण्याआधीच्या शेवटच्या खजूर इतवारी खाटेवर बसून विणलेला. मी एकदा विचारलं, "पास्कलभाऊ, ही नाही का जाळायची?"

"ते गाडी यार्डात उभी हाये," ते म्हणाले आणि चहा ओतायला लागले.

यंदा नवे फादर आले. तरुण, हसतमुख, मोबाइलवर झटपट कामं उरकणारे. राखेचा विषय निघताच म्हणाले, "तिर्कीजी, तयार राख मिलती है. पॅकेटमध्ये येते, एकदम बारीक, कपाळाला छान बसते. मागवून टाकतो."

"दुसऱ्याच्या घरची राख आमच्या कपाळाले कायले?"

"राख तो राख है."

"तसं तर माणूसबी माणूसच हाये, फादर. पण आपण आपल्याच घरी जेवतो न?"

फादर हसले. शेवटी ठरलं असं, की मंगळवारी संध्याकाळपर्यंत वेदीवरची पितळी वाटी घरच्या राखेनं भरली, तर घरची. नाहीतर पॅकेट, यंदापासून दरवर्षी. पार्सलची ऑर्डर त्यांनी देऊनच ठेवली.

मग हिरवा शर्ट घालून पास्कलभाऊ माझ्या स्कूटरवर मागे बसले. त्यांनी गोंदिया पिंजून काढलं. एका घरी रंगकाम झालं होतं, झावळी कचऱ्यात गेलेली. एका घरची बकरीनं खाल्ली होती.

"आशीर्वादाची होती न बाई ते!"

"म्हणूनच खाल्ली असंल भाऊ. लय चांगलं दूध देऊन राहिली."

रेल्वे क्वार्टरमधल्या एका नर्सबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली झावळी काढून दिली, तेव्हा पास्कलभाऊंनी त्यांना सॅल्यूट ठोकला. बाकी कुठे अर्धं पान, कुठे नुसती काडी, कुठे "अगले साल पक्का." ताजी पानं तोडून जाळू या, कोणाला कळणार आहे, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे फाटकाखालून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याकडे बघावं तसं पाहिलं.

मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या अंगणात घमेल्यात जाळ केला. शिंदीचं पान फार लबाड. जळताना इतका भडका देतं, की वाटतं पोतंभर राख निघेल. निघाली ती आमच्या घरच्या चहाच्या गाळणीतून चाळली. (गाळणी परत आणू नका, असं बायकोनं आधीच सांगितलं होतं.) वाटी निम्म्याच्या जरा वर भरली.

फादर ओट्यावर उभे होते. पास्कलभाऊ वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर, जरा घरी सोडून देता?"

ते आत गेले, मी स्कूटरवरच बसलो. बाहेर आले, तेव्हा खिशाच्या वर शिंदीचा क्रूस डोकावत होता. "पास्कलभाऊ, राहू द्या. एवढ्याशानं वाटी भरणार नाही."

"मालूम हाये."

"मग काऊन?" गेली इतकी वर्षं त्यांच्याबरोबर फिरून हा शब्द माझ्याही तोंडी बसला आहे.

"सगळ्याइच्या घरी जाऊन मागून राहिलो न मी? हे घर काऊन सोडू?" स्कूटर फाटकाशी थांबली तेव्हा ते मागून पुन्हा बोलले. "माझ्याजवळ एकटीच राहते ते. सून नाही, लेकरू नाही. धूळ खाऊन राहिली. उद्या सगळ्याइच्या कपाळावर जाईल. तिले माणसं लय आवडत."

मालगाडी लांब होती. ती जाईपर्यंत आम्ही दोघं डबे बघत बसलो.

क्रूस घमेल्यात टाकला. तो इतका वाळलेला होता, की भडकासुद्धा झाला नाही, नुसता लाल होऊन बसला. गाळणीतून चिमूटभर पडला. पास्कलभाऊंनी तो वेगळा ठेवला नाही. चमच्यानं सगळी राख ढवळली, पुन्हा ढवळली आणि वाटी फादरांपुढे धरली. ती भरलेली नव्हती, हे तिथल्या मांजरालाही दिसत होतं.

फादरांनी वाटी नीट निरखून पाहिली.

"भर गयी," ते म्हणाले. "लाइन क्लिअर."

बुधवारी दोरीवरचा हिरवा शर्ट उतरला आणि जांभळा आला. चर्च भरलं होतं. बकरीवाली बाई होती, नर्सबाई होत्या, रंगकामवालेही होते. फादर एकेकाच्या कपाळावर अंगठ्यानं राखेचा क्रूस काढत होते आणि पास्कलभाऊ वाटी धरून प्रत्येकाच्या कपाळाकडे बघत होते, एखादा सुटला तर नाही ना, असं. राख सगळ्यांना पुरली. शेवटी स्वतः वाकले. मी मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलो होतो. रांगेत मी गेलो की नाही, हा प्रश्न या लेखाशी संबंधित नाही.

पार्सल शुक्रवारी आलं. बुधवारी फादर त्याच्या भरवशावर राहिले असते, तर सगळी मंडळी कोरड्या कपाळानं घरी गेली असती. फादरांनी ते न उघडताच कपाटात ठेवलं.

शनिवारी सकाळी मी चर्चच्या अंगणात गेलो, तर पास्कलभाऊ जांभळ्या शर्टाच्या बाह्या वर करून नळाशी बसलेले. पुढ्यात वेदीवरची पितळी मेणबत्तीदानं आणि कपाटातलं ते पॅकेट, फोडलेलं. नारळाच्या शेंडीनं ते मन लावून घासत होते.

"हे काय, पास्कलभाऊ? ही राख?"

"हिले आशीर्वाद कुठं झाला हाये अजून? घासाले चालते," ते म्हणाले. "पण फादर खरं बोलत होते सर. राख एकदम बारीक हाये."

मी एक मेणबत्तीदान उचलून पाहिलं. पितळ खरंच लख्ख निघालं होतं.