उलट्या बाजूची माणसं

स्नायूंबद्दल मला कुणी काही शिकवू नये! नर्सिंग कॉलेजात मी वर्षानुवर्षं तोच विषय शिकवतोय. दंड फुगतो कसा, पोटरीत गोळा येतो कसा, मेलेला मासा ताठ का होतो, काहीही विचारा. झोपेतून उठवून विचारा! माझी बायको हिलेवी म्हणते, उठवायची गरजच नाही, हा झोपेतही तेच बडबडतो. तेव्हा लिंडव्हिकन गावचा मिडसमरच्या सणाचा खांब आडवा झाला तो अडाणीपणामुळे झाला, असं कुणी म्हणत असेल तर साफ खोटं आहे. तो ज्ञानामुळे आडवा झाला.

लिंडव्हिकन ही माझी सासुरवाडी. लग्नानंतर मी इथंच येऊन राहिलो. त्याला चौदा वर्षं झाली, पण गावाच्या लेखी मी अजून ‘तो गोथेनबर्गचा’. लोक माझ्याशी हवापाण्याबद्दल भरपूर बोलतात, बाकी कशाबद्दल नाही. कारण या गावात माणूस आपला की परका हे एकाच गोष्टीवरून ठरतं: जूनमध्ये फुलापानांनी मढवलेला खांब उभारताना तो कुठे उभा असतो! घरोघरच्या जागा ठरलेल्या. आजोबा जिथे उभे राहिले तिथे नातू उभा राहणार. आणि माझी जागा? कॉफीच्या टेबलापाशी, स्ट्रॉबेरी केकवरच्या माश्या हाकलायला.

माझा सासरा सिक्स्टेन हा खांबाचा मुकादम. डोक्यावर काळी लोकरीची टोपी, बापाकडून आलेली. ती टोपी ज्याच्या डोक्यावर त्याचा शब्द त्या दिवशी शेवटचा! आणि यंदा सणाच्या तोंडावर म्हातारा लाकडं उचलायला वाकला, त्याच्या कमरेत उसण भरली आणि तो वाकला तो वाकलाच.

मला बोलावणं आलं. मी पाठीवर बोट दाबून पाहिलं.

“सिक्स्टेन, तुझ्या पाठीच्या स्नायूनं पकड घेतलीय आणि तो सोडायला तयार नाही. स्नायूला धरायला शक्ती लागते ना, तशी सोडायलाही लागते! मजा आहे की नाही?”

“खूप मजा आहे,” सासरा उशीत तोंड खुपसून म्हणाला. “सुटणार कधी ते सांग.”

“सुटेल की... आपोआप.”

“आपोआप! एवढं शिकलास आणि शेवटी आपोआप!”

थोडक्यात, यंदा टोपी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाणार होती. हक्कदार एकच, हिलेवीचा भाऊ हॉकन. लाकडाचा ट्रक चालवतो. त्याची मान माझ्या मांडीएवढी आहे आणि दिवसाला तो साधारण तेवढेच शब्द बोलतो जेवढे ट्रकला आरसे असतात. पण मी ठरवलं, बस्स! यंदा टोपी आपल्याच डोक्यावर!

“फोल्के, नको रे,” हिलेवी म्हणाली. “माश्याच हाकल. छान हाकलतोस.”

आता सांगा, असं म्हटल्यावर कुठला नवरा गप्प बसेल?

गावसभा भरली. दालचिनीचे बन आले, कॉफी आली. अध्यक्षा गुनवोर लाकडी हातोडा घेऊन बसली. सिक्स्टेनला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. मी एक जाडजूड दोर टेबलावर टाकला आणि त्याचं टोक उसवायला घेतलं.

“मंडळी, हा दोर पाहा! दोरात पेड, पेडात सुतळ्या, सुतळीत धागे. स्नायूही हुबेहूब असाच. जुडग्यात जुडगी, त्यात आणखी जुडगी. पार आत गेलात की दोन तऱ्हेच्या तारा सापडतात, एक जाड, एक बारीक. जाड तारेला इवल्या इवल्या मुंड्या असतात. मुंडी काय करते? बारीक तार पकडते, ओढते, सोडते, पुढे सरून पुन्हा पकडते! तारा एकमेकींवरून सरकतात आणि स्नायू आखडतो!”

“बन संपले का?” मागून कुणीतरी विचारलं.

“आणि सगळ्यात महत्त्वाचं!” मी आवाज चढवला. “स्नायू फक्त ओढतो. ढकलणं त्याला ठाऊकच नाही!”

“मी ढकलतो की,” हॉकन म्हणाला. “दार.”

“तुला वाटतं तू ढकलतोस! हे बघ.” मी बाही वर सारली. “दंडाचा पुढचा स्नायू ओढतो तेव्हा कोपर वाकतं. मागचा ओढतो तेव्हा सरळ होतं. एक ओढतो तेव्हा दुसरा समोरच्या बाजूला सैल राहून त्याला सांभाळतो. जोडी असते जोडी!”

हे मी माझ्या स्वतःच्या तोंडानं, भर सभेत, बाही वर करून सांगितलं. कृपया लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

“तेव्हा आपली पद्धत चूक आहे,” मी पुढे दामटलं. “लांब काठ्या दोन-दोन बांधून त्यांच्या कैच्या करायच्या, खांबाला टेकवायच्या आणि ढकलत बसायचं! बरं, निम्मं गाव या बाजूनं वर ढकलतं, तर उरलेलं निम्मं समोर उभं राहून उलटा जोर लावतं! का? कशासाठी? ही शुद्ध उधळपट्टी आहे! सगळ्यांना एका बाजूला आणा, हातात दोर द्या आणि ओढा. कॉफी निवायच्या आत खांब उभा करून दाखवतो!”

कुणीतरी कपात चमचा ढवळत होतं. सिक्स्टेननं तोंड उघडलं, गावाकडे एकवार पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं, लोक भारावून गेलेत.

“कुणाचा विरोध?” गुनवोरनं विचारलं.

छपराकडे बघणारे छपराकडे बघत राहिले.

“मंजूर!” हातोडा आपटला. सिक्स्टेननं डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो!

मग मी तालीम घेतली. गावाचे दोन गट पाडले. पहिला गट ओढेल तेव्हा दुसरा हात सोडून पुढची पकड घेणार, मग उलट. कारण सगळ्या मुंड्या एकदम सोडत नसतात, नाहीतर तार निसटेल! आणि शिट्टी माझ्याकडे. मी म्हणजे मज्जातंतू! मज्जातंतूचा निरोप आला की स्नायूत कॅल्शियम सुटतं आणि मुंड्यांना मोकळीक मिळते. निरोप येत राहील तोवर ओढ चालू, निरोप थांबला की सगळं सैल.

“म्हणजे शिट्टी वाजतेय तोवर ओढायचं?” हॉकननं विचारलं.

“तोवर ओढायचं!”

“मध्ये काहीही झालं तरी?”

“स्नायू प्रश्न विचारत नाही, हॉकन!”

“बरं,” हॉकन म्हणाला, आणि त्यानं पुन्हा प्रश्न विचारला नाही.

सणाचा दिवस उजाडला. स्वच्छ ऊन, मैदानामागे निळं तळं, बायकांच्या डोक्यांवर फुलांचे मुकुट, फिडलवाले सूर जुळवतायत. खांब आडवा पडलेला, बुडखा खड्ड्याच्या तोंडाशी, शेंडा लाकडी घोडीवर टेकलेला. शेंड्याजवळच्या आडव्या दांडीला पानाफुलांची दोन भलीमोठी कडी लटकत होती. दोर बांधला. अख्खं गाव एका बाजूला रांगेत उभं केलं. समोरच्या बाजूला चिटपाखरू नाही! गावाच्या पाठीमागे कॉफीचं टेबल, त्यावर केक, हेरिंग मासे, नवे बटाटे. टेबलाशेजारी खुर्चीत वाकलेला सिक्स्टेन.

“जावईबापू,” त्यानं मला खुणेनं बोलावलं. असं तो फक्त टोमणा मारताना म्हणतो. “सकाळपासून काही खाल्लंस का?”

“खांब उभा राहिल्यावर!” मी टोपी सारखी केली आणि शिट्टी तोंडात धरली.

आणि काय सांगू महाराजा! काय ते दृश्य! पहिला गट ओढतोय, दुसरा पकडतोय, दुसरा ओढतोय, पहिला पकडतोय! एक धक्का नाही, एक हिसका नाही! एरवी जो खांब तास तास कुंथत वर जायचा, तो लोण्यातून सुरी जावी तसा वर निघाला. निम्म्यावर आला, आणखी चढला. फिडलवाले वाजवायचे थांबून बघत बसले. माझ्या अंगावर काटा आला. चौदा वर्षं! चौदा वर्षं या गावानं मला माश्या हाकलायला लावल्या! मी दोराच्या टोकाला होतो, मीही दोर धरला आणि जीव खाऊन शिट्टी फुंकायला लागलो.

खांब सरळ उभा राहिला. अगदी ताठ!

आणि मी फुंकतच राहिलो.

“फोल्के!” हिलेवी किंचाळली. “शिट्टी काढ तोंडातून!”

मला वाटलं, ती शाबासकी देतेय. मी आणखी जोरात फुंकली. गाव ओढत राहिलं, कारण स्नायू प्रश्न विचारत नाही. खांब सरळ होता तो आमच्याकडे थोडासा झुकला. मग आणखी थोडा. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समोरचा स्नायू! समोरच्या बाजूला कुणी नाही! मी बाही वर करून सांगितलेला, सैल राहून सांभाळणारा तो दुसरा स्नायू मी स्वतःच रद्द करून टाकला होता!

शिट्टी तोंडातून पडली. गावानं शिस्तीत दोर सोडला आणि अर्धं डावीकडे, अर्धं उजवीकडे पांगलं. इतकं नीटनेटकं, जणू त्याचीही तालीम झाली होती. एकटा मी मध्ये उभा, कारण माझ्या बोटांत गोळे आले होते. उपाशीपोटी दोर आवळून धरला होता ना! पकड सुटेना! धरायला शक्ती लागते तशी सोडायलाही लागते, हे कुणी सांगितलं होतं? मीच!

“सिक्स्टेन!” कुणीतरी ओरडलं. “म्हातारा खुर्चीत आहे!”

पण मान वळवून पाहतो तर खुर्ची रिकामी! आठवडाभर जो माणूस कुशीवर वळत नव्हता तो सशासारखा कुंपणावरून उडी मारून पलीकडे, पाठ सरळ करून उभा होता! आणि धाडकन् खांब माझ्या वीतभर बाजूला पडला. टेबलाचे दोन तुकडे झाले. हेरिंग उडाले, बटाटे तळ्यापर्यंत घरंगळले. शेंड्याजवळचं एक कडं सुटलं आणि नवरदेवाला हार घालावा तसं अलगद माझ्या गळ्यात येऊन पडलं. अंगभर स्ट्रॉबेरी, हातात दोर, गळ्यात हार, असा मी उभा.

कुणी हसलं नाही. कुणी ओरडलंही नाही. तेच जास्त लागलं.

“म्हणजे कॉफी आता घरात घ्यावी लागणार,” गुनवोर शांतपणे म्हणाली.

मी रडवेला झालो. “खांब कोसळेल हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“आलं की,” हॉकन म्हणाला.

“कुणाकुणाच्या?”

“सगळ्यांच्या.”

“मग बोलला का नाहीत?”

हॉकनला माझा प्रश्नच कळेना. “सभेत ठरलं होतं ना!”

सिक्स्टेननं कुंपणापलीकडून येऊन माझ्या डोक्यावरची टोपी काढली, तिच्यावरचं क्रीम चाटून पुसलं आणि हॉकनच्या डोक्यावर ठेवली. मग कमरेतून दोनदा वाकून पाहिलं. “डॉक्टर म्हणून तू चांगला आहेस हं,” तो म्हणाला. हिलेवी शेजारी बसून माझं एकेक बोट दोरावरून सोडवत होती आणि मला तिच्या नजरेला नजर देववत नव्हती. संध्याकाळपर्यंत काठ्यांच्या कैच्या लावून, दोन्ही बाजूंनी जोर लावून, कुंथत कुंथत खांब उभा राहिला. मी माश्या हाकलायला गेलो, तर टेबलच नव्हतं.

पुढच्या सभेला मी मागच्या रांगेत तोंड लपवून बसलो होतो. मिडसमरच्या जागांचा विषय निघाला.

“खांबाच्या उलट्या बाजूला एक दोर असावा, अशी सूचना आहे,” गुनवोर म्हणाली. “त्याला एक माणूस लागेल. ओढायचं नाही. बोलायचं नाही. दोर सैल सोडत राहायचं, आणि खांब जास्त झुकायला लागला तरच धरायचं. जागा फोल्केच्या घराण्याला, कायमची. कुणाचा विरोध?”

माझ्या घराण्याला! गोथेनबर्गच्या पाहुण्याला म्हणाली नाही, घराण्याला म्हणाली! सगळे छपराकडे बघत राहिले.

“मंजूर!”

घरी जाताना मी नुसता तरंगत होतो. “हिलेवी, कळलं का तुला? मी आता या गावाचा समोरचा स्नायू आहे! जोडीतला दुसरा! सैल सोडत राहायचं, गप्प बसायचं आणि अगदीच वेळ आली तर धरायचं. किती अवघड काम आहे माहितेय? मला जमेल ना गं?”

“न जमायला काय झालं?” हिलेवी म्हणाली. “घरात चौदा वर्षं दुसरं काय करतोयस?”