जुईचं हित आणि सत्काराचा नारळ

जुईचं हित सोमवारी टाऊन हॉलातल्या चर्चेला गेलं, ते शुक्रवारपर्यंत घरी आलं नाही. समलिंगी विवाहावर चर्चा असली की मंचावर एका मुलाचं हित हजर लागतं. या वेळी पाळी आमच्या गल्लीतल्या जुईची होती.

हित घरात नसल्यामुळे जुईला जेवण जाईना. अंगात कणकण होती. शेवटी तिच्या दोन्ही आया, हेमांगी आणि शालन, तिला घेऊन हॉलवर गेल्या.

हित मधल्या खुर्चीत होतं. प्रत्येक वक्ता आधी त्याला शाल-नारळ देई, मग त्याच्याविषयी बोले. शालींच्या ढिगाखाली ते घामानं निथळत होतं. पाणी वक्त्यांसमोर होतं.

संयोजक दाभोळे दारातच भेटले.

"हित न्यायला आलोय," शालन म्हणाली. "पोरगी तापलीय."

"ताई, काळजी आम्हालाही आहे. पण आज बाजूचे बोलतायत, उद्या विरोधातले. हित उठलं तर बोलायचं कशावर?"

"त्याला कुणी काही विचारतं का?"

"तशी प्रथा नाही. असं करा, वडिलांना पाठवा. पालकांच्या ताब्यात देता येतं."

"वडील नाहीत. आम्ही दोघी आया."

दाभोळ्यांनी चष्मा काढून पुसला. "मग तुम्ही दोघी पालक की नाही, हे आधी ठरायला हवं. तेच तर आत चाललंय."

"कधी ठरेल?"

"चर्चा अगदी निकोप चालली आहे."

"तोवर पोरगी लग्नाला येईल हो," हेमांगी म्हणाली.

एव्हाना जुई मंचावर पोचली होती. वक्ते कोवळ्या जिवांविषयी बोलत होते. ती मध्ये आली म्हणून जरा सरकले. तिनं एकेक शाल काढून घडी केली.

"भूक लागली?"

हितानं मान डोलावली.

"घरी वरणभात आहे."

मांडीवरचा एक नारळ तसाच हातात धरून ते तिच्यामागे निघालं. कुणी अडवलं नाही. वक्त्यांचं वाक्य अजून संपायचं होतं.

जुई त्या संध्याकाळी पोटभर जेवली. ताप उतरला.

दुसऱ्या दिवशी दाभोळे घरी आले. अंगणात जुई आणि तिचं हित लंगडी खेळत होती. त्यांना धक्का लागू नये म्हणून ते कडेकडेनं आले.

"एक नारळ चुकून इकडे आलाय," ते म्हणाले. "मंचावरची खुर्ची रिकामी दिसते."

नारळाच्या वड्या झाल्या होत्या. शालननं त्यांना दोन दिल्या. एक त्यांनी तिथंच खाल्ली आणि दुसरी खुर्चीवर ठेवायला नेली.