चौघी, एक बाक आणि हसरा मोड

मेस्त्रींनी सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, पण सोबतचं माहितीचं पुस्तक वाचल्याशिवाय कुठल्याही यंत्राच्या बटणाला हात लावला नाही. त्यामुळे खिशात मावेल एवढा तो छोटा डिजिटल कॅमेरा घरी आला, तेव्हा आठ दिवस तो खोक्यातच राहिला आणि मेस्त्री पुस्तकात राहिले! एकशे चौसष्ट पानं, तीही मुंगीएवढ्या अक्षरात. जेवताना पुस्तक, बसमध्ये पुस्तक. नवव्या दिवशी त्यांनी कॅमेरा बाहेर काढला आणि बायकोसमोर धरून जाहीर केलं,

"अगं, याच्यात काय नाही ते विचार! फटाक्यांचा मोड आहे, बर्फाचा मोड आहे, पाळीव प्राण्यांचा मोड आहे."

"माणसांचा आहे का?" बायकोनं विचारलं.

"आहे ना! पान चौऱ्याहत्तर. हसरा मोड. समोरचा माणूस हसला की कॅमेरा आपला आपण फोटो काढतो. आपण बोट लावायचं नाही!"

"मग रविवारी आणा तो आईकडे," बायको म्हणाली. "आणि एवढा एक फोटो काढा. बाकी मला काही नको."

हा एवढा एक फोटो म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. मेस्त्रींच्या सासूबाई चार बहिणी. थोरली अक्का, मग सासूबाई, मग मधली मावशी आणि धाकटी मावशी. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या आईचं शिलाई मशीन कुणी घ्यायचं यावरून चौघींचं बिनसलं. मशीन गंजून गेलं, भांडण मात्र नव्यासारखं राहिलं. एकीला दुसरीशी बोलायचं असलं की ती भिंतीशी बोलायची. आणि आता अक्का कायमची मुलाकडे परदेशी निघाली होती. रविवारी दुपारी चार वाजता तिची टॅक्सी येणार, त्याआधी चौघी तासभर सासूबाईंच्या घरी जमणार, आणि पुन्हा कधी जमतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

चौघींचा एकत्र फोटो अख्ख्या घराण्यात एकच होता. तो काढला होता बँकवाल्या साडूभाऊंनी. साडूभाऊ गेली पंधरा वर्षं घराण्याचे अधिकृत फोटोग्राफर, आणि त्यांचा हात असा की फोटोत माणसाची चप्पल स्पष्ट यायची, डोकं यायचं नाही. त्या फोटोत चार गळे होते आणि वर भरपूर छत!

"मला माझ्या बहिणी डोक्यासकट हव्यात हो, जावईबापू," सासूबाई मेस्त्रींना फोनवर म्हणाल्या. "नंतर कुठून आणू मी हे चेहरे?"

"तुम्ही निर्धास्त राहा," मेस्त्री म्हणाले. "चार डोकी म्हणजे चार डोकी. एक कमी आलं तर नाव बदलीन!"

रविवारी तीन वाजता मेस्त्री आले ते खांद्यावर शिडी घेऊन. स्टँड कशाला हवा? शिडीच्या वरच्या पायरीवर कॅमेरा ठेवला की काम झालं. शिडी त्यांनी दिवाणखान्याच्या दारात लावली, तिच्या पायाशी "काम चालू आहे" अशी पाटी ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "चौघींनी भिंतीला टेकून उभं राहा."

चौघी उभ्या राहिल्या. पण कशा? दोघींच्या मध्ये एकेक कपाट सहज बसेल इतकं अंतर ठेवून! मेस्त्रींनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर दीड बहीण दिसत होती. त्यांनी शिडी मागे नेली. सव्वादोन. आणखी मागे नेली. तीन आणि धाकटीची पर्स. मेस्त्री शिडीसकट मागे सरकत सरकत स्वयंपाकघरात पोचले, पाठ फ्रिजला लागली, तरी चौथी काही आत येईना.

"आत सरका! मध्ये जागा आहे!" मेस्त्री सवयीनं ओरडले. लिफ्टमध्ये माणसं ऐकतात. बहिणी ऐकेनात.

"तिला सांगा सरकायला," अक्का भिंतीला म्हणाली.

"मी कशाला सरकू? माझं घर आहे," सासूबाई फ्रिजला म्हणाल्या.

मग मेस्त्रींनी शक्कल लढवली. गॅलरीत एक लाकडी बाक होतं, तीन माणसांचं. ते त्यांनी भिंतीशी आणलं आणि चौघींना त्यावर बसवलं. तिघींच्या जागेत चौघी! बाक एकदा कण्हलं. खांद्याला खांदा लागला आणि चार माना चार दिशांना वळल्या. पण पडद्यात चारही डोकी आली, अगदी केसांच्या भांगासकट.

"आता लक्ष द्या," मेस्त्री म्हणाले. "हसरा मोड चालू आहे. तुम्ही हसलात की तो क्लिक करेल."

कुणी हसलं नाही. हसणार कशा? जी आधी हसली ती हरली, हे चौघींना न सांगता कळलं होतं.

"अहो मेस्त्री, बटण दाबा ना सरळ," साडूभाऊ सोफ्यावरून म्हणाले. "वरचं मोठं बटण. मी पंधरा वर्षं तेच दाबतोय."

"म्हणूनच डोकी उडतात!" मेस्त्री कडाडले. "यंत्र ऑटोवर असताना हात घालायचा नाही. आमच्याकडे एकाचं बोट गेलंय."

"कॅमेऱ्यात?"

"लिफ्टमध्ये. तत्त्व तेच!"

इतक्यात शिडीवर आवाज झाला. क्लिक!

मेस्त्रींनी उडी मारली. "हसल्या! कोण हसलं?"

"मी नाही," अक्का म्हणाली.

"मी मुळीच नाही," मधली म्हणाली. "या धाकटीलाच हसायची घाई."

"मी? माझे दात दिसले का कुणाला?"

क्लिक! क्लिक!

"बघा, परत हसली कुणीतरी!" सासूबाई म्हणाल्या. "मला टोमणा मारून हसतेय कुणीतरी, मला कळतं सगळं."

"मशीन घेऊन बसलेल्या माणसांना हसू येणारच," धाकटी छताला म्हणाली.

"कुणी घेतलं मशीन? मधलीच्या माळ्यावर पडलंय ते!"

"माझ्या माळ्यावर टाकलं कुणी?"

क्लिक! क्लिक! क्लिक! खोलीत नऊ वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडत होतं, आणि कॅमेरा मात्र आनंदानं फोटो काढत सुटला होता. मेस्त्रींना दरदरून घाम फुटला. चौघींच्या चेहऱ्यावर राईएवढं हसू नाही, मग हा हसतोय कुणाला पाहून?

साडूभाऊ उठले, शिडीशी आले, पडद्यात डोकावले आणि पोट धरून खाली बसले.

"मेस्त्री! ते कॅलेंडर!"

बाकामागच्या भिंतीवर साबणाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावर एक गुटगुटीत बाळ दोन दात दाखवून खदाखदा हसत होतं. कॅमेऱ्यानं प्रामाणिकपणे त्या बाळाचे अकरा फोटो काढले होते!

बायकोनं धावत जाऊन कॅलेंडर उलटं केलं. पण नुकसान झालं ते झालं. फोटो साठवायचं कार्ड दुकानात संपलं होतं, कॅमेऱ्याच्या पोटात स्वतःची जागा बारा फोटोंची. अकरा बाळानं खाल्ले. उरला एक.

"पुसून टाकतो, द्या इकडे," असं म्हणून साडूभाऊंनी कॅमेरा उचललासुद्धा. पुस्तक न वाचलेला माणूस! दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी बटणं अशी दाबली, जणू बँकेत शिक्के मारतायत. पिक्, पिक्, पिक्. आणि मग ते गप्प झाले.

"काय झालं?"

"काही नाही. जरा... वेगळं दिसतंय."

मेस्त्रींनी पाहिलं. पडद्यावरची सगळी अक्षरं कुठल्यातरी भलत्याच भाषेत झाली होती. चौकोन, काड्या, टिंबं. कुठला मोड कुठे आहे, काही पत्ता लागेना. कोपऱ्यात बॅटरीची लाल खूण लुकलुकत होती, आणि भिंतीवरच्या घड्याळात चारला सात मिनिटं कमी होती.

"झालं," अक्का पर्स उचलत म्हणाली. "नशिबातच नाही आमच्या."

सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि डोळ्याला रुमाल लावला. आयुष्यात मेस्त्रींनी माणसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली पाहिली होती, तेव्हाही त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"कुणी हलायचं नाही," ते म्हणाले. आवाज एकदम कामावरचा. "आधी मेन स्विच."

त्यांनी बॅटरी काढली, दहापर्यंत मोजलं, परत घातली. कॅमेऱ्यानं चालू होताच त्या काड्या-टिंबांत काहीतरी लांबलचक विचारलं. मेस्त्रींनी ठीक आहे म्हणून मधलं बटण दाबलं, कारण वाद घालायला वेळ नव्हता. मग त्यांनी चक्क डोळे मिटले! एकशे अठरावं पान त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"पान्याची खूण. उजवीकडे एक. खाली सात. मधलं बटण. वर चार." ते पुटपुटत होते आणि अंगठा चालत होता. "पुन्हा मधलं."

पिक्! पडदा शहाण्यासारखा ओळखीच्या भाषेत बोलायला लागला.

"अहो!" बायको ओरडली. तिच्या त्या 'अहो'त इतकं कौतुक लग्नाच्या वर्षीही नव्हतं. साडूभाऊंनी टाळी वाजवली, मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन हात खिशात घातले.

तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

मेस्त्रींनी कॅमेरा शिडीवर ठेवला. हसरा मोड चालू, जागा एकाच फोटोची. पुसत बसायला वेळ नव्हता. "आता हसा!" ते म्हणाले. चौघी चार पुतळे. त्यांनी लिफ्टमधला एक विनोद सांगितला. त्यावर साडूभाऊसुद्धा हसले नाहीत. पुन्हा हॉर्न. अक्का उठायला म्हणून पुढे झुकली आणि तीन माणसांच्या त्या बाकानं एवढा मोठा कर्रर्र आवाज काढला की मेस्त्रींमधला लिफ्टवाला खडबडून जागा झाला.

"थांबा! कुणी हलू नका!" ते गरजले. "बाकाची मर्यादा दोनशे दहा किलो. चौघींचं मिळून वजन किती?"

बायकोनं कपाळावर हात मारला. चार बायकांना, आणि त्यातली एक सासू, असा प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल.

"जावईबापू!" सासूबाई लाल झाल्या. पण यजमानीण म्हणून उत्तर द्यायचं त्यांना भाग वाटलं असावं. मान ताठ करून त्या म्हणाल्या, "माझं पंचावन्न."

"पंचावन्न?" बाकीच्या तिघी एका सुरात म्हणाल्या. नऊ वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट!

आणि अक्कानं भिंतीकडे नाही, छताकडे नाही, सरळ बहिणीच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "एका पायाचं का गं?"

सासूबाईंच्या ओठाचा एक कोपरा थरथरला. त्यांनी तो दाबला. तो पुन्हा थरथरला. मग नाकातून एक फुस्स असा आवाज आला आणि त्या फुटल्याच! पाठोपाठ धाकटी, मग मधली. अक्का तर अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. "दुसऱ्या पायाचं... वेगळं सांग..." असं काहीतरी ती म्हणत होती. त्या गदागदा हलण्यानं बाकाचा एक पाय फाकला, बाक कललं, चौघींनी किंचाळून एकमेकींना घट्ट धरलं आणि—

क्लिक!

नंतर बाक जमिनीवर टेकलं, अगदी हळू. कुणाला खरचटलंही नाही. पण धरलेले हात काही सुटेनात. सासूबाई अक्काच्या खांद्यावर डोकं ठेवून आता हसत होत्या का रडत होत्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"पोचल्यावर फोन कर," त्या म्हणाल्या. "मलाच कर. या दोघींकडून निरोप नको."

"करते. बाई, तू पंचावन्नची!"

टॅक्सी पंधरा मिनिटं उशिरा निघाली. जाताना अक्कानं मेस्त्रींच्या पाठीवर असा गुद्दा मारला की त्यांना दोन दिवस आठवण राहिली.

फोटो छापून आला. काय फोटो! चार डोकी, चार तोंडं उघडी, आठ हात एकमेकींच्या गळ्यात. मेस्त्रींनी तो मोठा करून घेतला, तिघींना एकेक दिला, अक्काला टपालानं पाठवला, लिफ्टच्या कंपनीत दाखवला, बसच्या कंडक्टरला दाखवला. साडूभाऊंसमोर त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि फक्त म्हणाले, "मोजा."

साडूभाऊंनी मोजली. चार. चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"मेस्त्री, खाली कोपऱ्यात बघा. तारीख!"

कोपऱ्यात ठळक नारिंगी आकड्यांत तारीख उमटली होती, दहा वर्षांपूर्वीची एक जानेवारी! बॅटरी काढल्यावर कॅमेऱ्यानं काय विचारलं होतं ते मेस्त्रींना आत्ता कळलं. त्यांनी न वाचता हो म्हटलं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! त्यांचे कान गरम झाले.

त्याच संध्याकाळी अक्काचा सातासमुद्रापलीकडून फोन आला. सासूबाईंनी तो सगळ्यांना ऐकवला.

"अगं, तारीख बघितलीस का फोटोवरची?" अक्का म्हणत होती. "भांडणाच्या आधीची आहे! म्हणजे मधली नऊ वर्षं धरायचीच नाहीत, असंच ना? मी इथे भिंतीवर लावला आणि रडत बसले. जावयाचं डोकं बघ किती चालतं! जावईबापूंना सांग, ती तारीख मुळीच बदलायची नाही."

सासूबाईंनी मेस्त्रींकडे असं पाहिलं की मेस्त्रींना कुठे बघावं ते कळेना. बायकोनं हळूच विचारलं, "अहो, तुम्ही मुद्दाम केलंत ना ते?"

"म्हणजे काय!" मेस्त्री म्हणाले. "पुस्तकातच आहे ते."

आणि पुस्तक काखोटीला मारून ते गॅलरीत गेले, तारीख कशी टाकतात ते पान शोधायला.