बांधापलीकडची जांभई

आमच्या कडेगावच्या शाळेचे शिपाई नाना माणूस पारखायचे ते जांभईवर. नवा कुणी आला की पाण्याचा तांब्या पुढं ठेवायचे आणि समोर उभं राहून भलीमोठी जांभई द्यायचे. शेवटी सूर ठरलेला, "आऽऽ गं आईऽऽ!" समोरच्यानंही दिली की नाना खूश. "लागली! मानूस आपला हाय." नाही लागली, तर त्याचा चहा दुपारवर गेला म्हणून समजा.

मी पंचाहत्तर साली विज्ञान शिकवायला रुजू झालो आणि मला पहिल्याच दिवशी लागली. तेव्हापासून माझ्या चहात साखर जास्त.

तपासणीला साहेब आले तेव्हा तर कहरच झाला. नानांनी वर्गाच्या दारात आ वासला. मग पोरं, फळ्याशी मी आणि शेवटी खुद्द साहेब! हेडमास्तर असे तापले म्हणता!

"नाना, नोकरी घालवाल," मी म्हणालो.

"आवं, सायबाला लागली न्हवं? शेरा चांगलाच लिवनार."

आणि लिहिलाही की हो!

मी त्यांना शास्त्र सांगायला गेलो, शरीराला हवा कमी पडते म्हणून जांभई येते वगैरे. तर म्हणाले, "हवा मला कमी पडली, तर तोंड तुमचं का उगडतंय मास्तर?" मी पुस्तकं धुंडाळली. पुस्तकांनाही ठाऊक नव्हतं.

एका रविवारी ते मला मळ्यात घेऊन गेले. बांधापलीकडं एक म्हातारा उसाला पाणी देत होता.

"धाकला भाऊ, बापू. ह्या बांधापायी भांडलो. नऊ वर्सं बोलत न्हाई."

नाना बांधावर गेले आणि जांभई दिली. बापूंनी पाठ फिरवली. नानांनी पुन्हा दिली, सूर चढवून. खोरं चालूच. नानांचं तोंड एवढंसं झालं. तरी तिसरी दिली.

खोरं थांबलं. पाठमोऱ्या बापूंचे खांदे हळूहळू वर चढले, मान मागं गेली आणि उसातून आवाज आला, "आऽऽ गं आईऽऽ!" सूरसुद्धा तोच!

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं मोठं नवल मी प्रयोगशाळेतही पाहिलं नव्हतं.

नाना मटकन खाली बसले. "रोज येतो बगा," टॉवेलनं डोळे पुसत ते म्हणाले. "ज्या दिवशी लागायची न्हाई, त्या दिवशी भाऊ गेला म्हनायचं."

"अहो, मग हाक मारा की आता!"

"आन् हाकंला ओ न्हाई दिली तर?" नाना बापूंच्या पाठीकडं बघत म्हणाले. "जांभईला तरी देतोय."